ॲलर्जीचं परहेज कुठे थांबवायचं? मुलाला जेवणाचीच भीती बसू नये म्हणून टप्प्याटप्प्याने काय करावं

नववीतली एक मुलगी आईसोबत माझ्यासमोर बसली होती. आईने पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. शहरातल्या एका लॅबचा रक्ताचा रिपोर्ट. पानभर पदार्थांची नावं, त्यातली एकतीस लाल रंगात. तूर लाल, गहू लाल, वांगं लाल, दूध लाल, केळंही लाल. घडीवर कागद फाटला होता, तिथे चिकटपट्टी लावलेली. वरच्या टोकाला भोक होतं, कारण आठ महिने तो स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्यालाच अडकवलेला होता. "अंगावर पित्त उठे म्हणून तपासलं. पित्त बंद झालं मॅडम, पण आता पोट्टी काहीच खात नाई," आई म्हणाली. वजन ४३ किलोवरून ३५ वर आलं होतं. लाल यादीतलं तर तिने सोडलंच होतं. यादीत नसलेला भात, मुगाची डाळ आणि बटाटाही सोडला होता. काहून, असं विचारलं तर म्हणाली, "त्यातही असलं तर?"

मी ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींच्या समुपदेशन कक्षात बसते. अशी घरं बरीच पाहिली. परहेज सुरू केल्याची तारीख सगळ्यांना पाठ असते, संपवायची तारीख कुणी ठरवलेलीच नसते. दुसरी चूक क्रमाची: आधी सगळं बंद, मग तपासणी, मग डॉक्टर, आणि वजन कधीच नाही. खाली दिलेला क्रम म्हणूनच मोडू नका.

## आधी एवढं समजून घ्या

अन्नाची ॲलर्जी म्हणजे एखाद्या पदार्थातल्या प्रथिनावर शरीराची प्रतिकारशक्ती नको तेवढी उसळून येणं. बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, दम लागतो. दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगणं, गुडगुडणं, पातळ होणं ही बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार असते. अशा माणसाला दही-ताक बऱ्याचदा चालतं. आणि वांग्याची भाजी पाहून तोंड वाकडं होणं ही निव्वळ नावड. आपल्याकडे या तिन्हींना एकच शब्द आहे: "बाधते". गोंधळाची सुरुवात तिथूनच.

खाण्याच्या आजारांपैकी इथे दोन महत्त्वाचे. एकाला डॉक्टर 'आर्फिड' म्हणतात. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ साली त्याला स्वतंत्र नाव मिळालं. यात जाड होण्याची भीती नसते. घशात अडकेल, उलटी होईल, रिॲक्शन येईल या धास्तीने माणूस खाणं आवळत नेतो. कुणाला वास किंवा बुळबुळीतपणा सहन होत नाही, कुणाला भूकच नसते. दुसरा ॲनोरेक्सिया. त्यात वजन वाढण्याची भीती मुळाशी असते.

ॲलर्जीतून आजाराकडे आणि आजारातून 'ॲलर्जी'कडे, अशी ये-जा दोन्हीकडून होते. एकदा ओठ सुजून श्वास लागलेलं मूल घाबरतं, आणि घर त्याच्याहून जास्त घाबरतं. उलटही होतं. कमी खायचं मनाशी ठरवलेली मुलगी "भूक नाई" म्हणाली तर आई ताट पुढे सरकवते. "बाधते" म्हणाली तर आईच ताट उचलते. हे मुलींच्या लवकर लक्षात येतं.

शरीराची स्वतःचीही एक खोड आहे. खाणं फार कमी झालं की जठर सावकाश रिकामं होतं, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, मळमळतं, शौचाला कडक होतं. घरातले म्हणतात, "पाहा, मूगही बाधला." असा उपाशीपणाचा त्रास ॲलर्जीच्या खात्यावर चढतो आणि यादी वाढत जाते.

## तयारी

एक शंभर पानी वही. वजनासाठी एकच काटा, दरवेळी तोच: उपकेंद्रातला चालेल, अडत दुकानातला पोती तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालेल. जुनी वजनं शोधा. लहानपणाची माता-बाल संरक्षण कार्डावर असतात, नंतरची शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. मोबाईल हाताशी ठेवा, कारण गांधी दवाखान्यात पोचेपर्यंत मावळतात आणि डॉक्टरसमोर कोरी कातडी उरते. उठल्या की लगेच फोटो काढा.

सावध: या तयारीच्या काळात काहीही बंद करायचं नाही. अपवाद एकच. ज्या पदार्थाने चेहरा सुजला, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली, तो आजच बंद आणि डॉक्टरकडे आजच.

## टप्पा १: पंधरा दिवस फक्त लिहा

चार रकाने आखा: काय खाल्लं, किती वाजता, त्रास काय, त्रास किती वाजता. वेळ लिहिलीच पाहिजे. "सकाळी खाल्लं, मग खाजवलं" याचा उपयोग नाही. "साडेनऊला खाल्लं, नऊ पन्नासला गांधी" याचा आहे.

पदार्थाचं नाव पुरत नाही, त्यात काय पडलं तेही लिहा. पाटोडीच्या रश्शात वाटण कशाचं होतं? ठेच्यात शेंगदाणे होते की जवस? तेल रिफाइंड होतं की लाकडी घाण्याचं? शेवटचा प्रश्न चोखंदळपणाचा वाटेल, पण रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत आणि घाण्याच्या तेलात राहतात.

त्या नववीतल्या मुलीच्या आईला मी मागचे दिवस आठवायला लावले. गांधी कधी कधी उठल्या? ती बोटं मोजत गेली आणि मधेच थांबली. चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ, त्यात मूठ-मूठ शेंगदाण्याचा कूट. रोजच्या भाजीत त्यांच्याकडे कूट पडतच नसे. एकतीस लाल नावांपैकी डॉक्टरांनी पुढे नक्की केलं ते एवढं एकच.

पडताळा: एकाच पदार्थानंतर, तेवढ्याच वेळात, तोच त्रास दोनदा तरी झाला आहे का? नसेल तर संशय कच्चा आहे. मात्र पहिलाच झटका जोराचा असेल तर दुसऱ्याची वाट पाहू नका.

## टप्पा २: अन्नाशिवाय दुसरं काही आहे का ते पाहा

हा टप्पा लोक गाळतात आणि बिचाऱ्या वांग्यावर आळ येतो. (वांग्याने काहींच्या तोंडाला खाज सुटते हे खरं, पण अंगावर उठणारी प्रत्येक गांध त्याची नाही.)

रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, घरात आणखी दोघांना तेच? खरूज समजा, सगळ्या घराने मलम लावावं लागतं. धुऱ्यावरचं गाजरगवत उपटल्यावर मान, पापण्या, कोपराचा खळगा खाजतो? ती गवताची ॲलर्जी. कपाशीवर फवारणी चालू असताना वावरातून आल्यावर आग होते? खाण्याचा संबंध नाही. अंग धुवा, कपडे वेगळे धुवा. फवारणीनंतर उलट्या, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर ते विषबाधेचं लक्षण, तडक दवाखाना. मे महिन्याच्या उन्हात घाम आला की बारीक दाणे उठतात, तेही वेगळं.

वजन घटणं, थकवा आणि भूक मरणं यालाही दुसरी कारणं असतात: क्षयरोग, जंत, थायरॉइड, मधुमेह. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. नजर काढायची असेल तर काढा, माझं काही म्हणणं नाही. त्याच दिवशी वजनही करा म्हणजे झालं.

## टप्पा ३: तपासणी डॉक्टरने सांगितल्यावर, डॉक्टरने सांगितलेलीच

वही घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयात, नाहीतर नागपूर, सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील.

ॲलर्जीसाठी दोन तपासण्या प्रचलित आहेत: कातडीवर थेंब ठेवून टोचणं आणि रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) मोजणं. दोन्हींचा अर्थ वहीशी ताडूनच लागतो. रिपोर्टमध्ये नुसतं 'पॉझिटिव्ह' आलं आणि तो पदार्थ मूल आजवर सुखाने खात आलंय, तर ती ॲलर्जी धरत नाहीत. खाणं बंद करायचं कारण नाही. नक्की निकाल हवा असेल तर दवाखान्यात, डॉक्टरसमोर, थोडं थोडं खाऊ घालून पाहतात.

सावध, तीन गोष्टी:

'ॲलर्जी पॅनल' किंवा 'फूड इनटॉलरन्स टेस्ट' नावाने रक्तातलं आयजीजी (प्रतिकारशक्तीचंच, पण आयजीईहून वेगळं प्रथिन) मोजणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे, एवढंच. ज्याच्या घरी रोज तुरीचं वरण, त्याच्या रिपोर्टवर तूर उमटणार. या चाचणीवरून अन्न बंद करू नये असं जगभरच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. कागद खिळ्यावरून काढा.

गव्हाचा संशय असेल तर रक्त तपासेपर्यंत पोळी चालू ठेवा. सिलिॲक नावाचा गव्हाचा आजार रक्तात तेव्हाच दिसतो जेव्हा पोटात गहू जात असतो. महिनाभर भाकरीवर काढून मग तपासलं तर आजार असूनही निकाल निर्मळ येऊ शकतो.

टोचायच्या तपासणीआधी खाजेच्या गोळ्या साधारण आठवडाभर थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, ते विचारून घ्या.

## टप्पा ४: परहेज लिहून घ्या, तीन ओळींत

डॉक्टरने काही बंद करायला सांगितलं की तिथेच, त्यांच्या टेबलावर, वहीत तीन ओळी लिहा.

काय बंद.
त्याऐवजी काय.
कोणत्या तारखेपर्यंत.

तिसरी ओळ रिकामी असेल तर उठू नका. संशय तपासण्यासाठीचं परहेज साधारण दोन ते चार आठवड्यांचं असतं. तेवढ्यात फरक पडला नाही तर तो पदार्थ बहुधा निर्दोष, डॉक्टरला विचारून परत सुरू. ॲलर्जी पक्की ठरली तर परहेज लांबतं, तरी त्यालाही फेरतपासणीची तारीख असते, निदान वर्षाला एकदा. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बरीच मुलं वाढत्या वयात मागे टाकतात. शेंगदाणा आणि मासोळीची तेवढ्या सहज जात नाही.

दुसरी ओळ घरात सगळ्यात हलकी धरली जाते. दूध बंद केलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून येणार? १०० ग्रॅम तिळात १,२०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणजे तिळाच्या चटणीचे दोन मोठे चमचे कागदावर तरी कपभर दुधाच्या आसपास जातात (अंगी थोडं कमी लागतं). शेवग्याचा पाला, राजगिरा, नाचणी मिळत असेल तर तीही. तीळच बाधत असतील तर अर्थात हा मार्ग बंद. तूर बंद असेल तर मूग, मसूर, बरबटी. पण हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्याला दुसरी एखादी डाळही बाधू शकते, म्हणून अदलाबदल डॉक्टरला सांगून. हरभरा बंद म्हणजे आपल्याकडे काय काय बंद होतं ते एकदा मोजा: झुणका, पाटोडी, कढीगोळे, गोळाभात, पुरण, सांभारवडीचं आवरण. विदर्भातल्या ताटात बेसन नसलेला कोपरा शोधावा लागतो. म्हणून "बेसन सोडून काहीही खा" असं मोघम सांगू नका. मूगडाळीच्या पिठाचा झुणका करून दाखवा, त्याच कढईत, त्याच फोडणीत. चालतो. घरातल्या सगळ्यांनी तोच खाल्ला तर उत्तम.

पडताळा: एका वेळी तीनपेक्षा जास्त पदार्थ बंद होत असतील तर आहारतज्ज्ञाला भेटल्याशिवाय सुरू करू नका. आणि परहेज सुरू झाल्या दिवशीचं वजन वहीत आहे ना?

## टप्पा ५: झटक्याची तयारी

खरी ॲलर्जी असलेल्या घराची भीती कशाने कमी होते, तर काय करायचं ते पाठ असण्याने. हे भिंतीवर लावा. लाल यादीच्या जागी लावलं तरी चालेल.

श्वास लागणं, आवाज घोगरा होणं, जीभ किंवा घसा सुजणं, चक्कर येऊन गळून जाणं, किंवा गांधींसोबत सारख्या उलट्या: यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन. आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या. एकदम उभं करून चालवत नेऊ नका. उपाय म्हणजे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत; ते आरोग्य केंद्रात मिळतं. सेट्रिझिन किंवा ॲव्हिलची गोळी खाज कमी करते, बंद होणारा श्वास उघडत नाही, तिच्यावर विसंबून घरी थांबू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबा, झटका परत उलटू शकतो.

रात्री जवळचं कोणतं केंद्र उघडं असतं, गावात कुणाची गाडी हमखास असते, नाल्याला पूर आला तर दुसरा रस्ता कोणता: आजच विचारून ठेवा. जूननंतर विचारायला उशीर होतो.

## टप्पा ६: शाळा, पंगत, बाजार

मुलाला "खाल्लं तर मरशील" असं कधीच म्हणू नका. आपण धाक म्हणून बोलतो, ते खरं धरून बसतं. वाक्य बदला: "विचारून खा." आणि विचारायचा सराव करून घ्या, अगदी नाटक करून. तुम्ही वाढपी व्हा, पोराला विचारू द्या: "काका, भाजीत शेंगदाणे आहेत का?" दहा वर्षांचं मूल चार दिवसांत तयार होतं.

शाळेत मुख्याध्यापक आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई, दोघांना सांगा. तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठीवर पदार्थाचं नाव आणि १०८ लिहून द्या. मूल पंक्तीतून उठवून वेगळं बसवू नका. वाटी वेगळी चालेल, रांग तीच हवी. ज्यांना वेगळं बसवलं ती पोरं पुढे डबा उघडायलाच लाजतात, आणि चिडवाचिडवी सुरू झाली की जेवणच टाळतात.

तेरवी, भंडारा, महालक्ष्म्यांचं जेवण: सोळा भाज्या एकत्र, पळी एकच. त्या दिवशी घरून खाऊन न्या, तिथे निर्धोक असेल तेवढं खाऊ द्या. बंद पाकिटावर २०२०च्या लेबल नियमांप्रमाणे दूध, अंडं, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन, गहू, मासोळी यांची नोंद असायला हवी. तीळ त्या यादीत नाही, तेव्हा तिळासाठी घटकांची पूर्ण ओळ वाचा. आठवडी बाजारातल्या सुट्या फरसाणाला लेबलच नसतं, कढईतलं तेल एकच असतं. ते नाहीच.

## टप्पा ७: परत सुरू करणं

परहेजाचा अवघड भाग हाच, आणि तो केला नाही तर आधीची सगळी मेहनत उलटते.

सावध: झटका आलेला, दम लागलेला किंवा तपासणीत आयजीई वाढलेला पदार्थ घरी परत सुरू करायचा नाही, तो फक्त दवाखान्यात. इसब असलेल्या मुलाने एखादा पदार्थ बरेच महिने बंद ठेवला असेल, तर आधी सौम्य असलेला त्रास परत खाताना जोरात येऊ शकतो, तोही दवाखान्यातच. उगीच वर्षवर्ष बंद ठेवू नये याचं हेही एक कारण.

बाकीच्यांसाठी, डॉक्टरने होकार दिल्यावर: एका वेळी एकच पदार्थ. मूल ठणठणीत असेल तो दिवस. वेळ सकाळची आणि वार मंगळवार-बुधवार, म्हणजे काही झालं तर ओपीडी उघडी आहे. शनिवारी संध्याकाळी हौस नको. पहिल्या दिवशी पाव चमचा, दुसऱ्या दिवशी एक चमचा, तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी. मग तीन दिवस काही नवं नाही. वहीत वेळेसकट नोंद. काही झालं नाही तर तो पदार्थ यादीतून खोडा, आणि खोडायला पेन मुलाच्या हातात द्या.

पडताळा: दर महिन्याला यादी मोजा. ती लहान होते आहे का? आहे तेवढीच असेल तर डॉक्टरला दाखवा. डॉक्टरने न सांगता वाढत असेल तर पुढचा टप्पा आज वाचा.

## टप्पा ८: परहेज आजारात गेलंय का

मी मुलांना एक प्रश्न विचारते. "समज, उद्या डॉक्टरने लिहून दिलं की तुझी ॲलर्जी संपली. पहिले काय खाशील?" नुसती ॲलर्जी असलेलं पोरगं सेकंदात सांगतं: पुरणपोळी, चकली, आइस्क्रीम. भीती बसलेलं म्हणतं, "तरी नाई खाणार." वजनाची भीती असलेली मुलगी विषयच बदलते. हे निदान नव्हे, पण दिशा कळते.

घरात पाहायच्या खुणा: कधीच न बाधलेले पदार्थ यादीत येणं. स्वयंपाक होताना चुलीपाशी उभं राहून प्रत्येक चिमटीवर नजर. भाकरीचे कण-कण करून ताटात पसरणं. जेवण झाल्याबरोबर दरवेळी बाहेर जाणं. एप्रिलच्या उन्हात हात गार, अंगावर स्वेटर. केस गळणं, हातांवर मऊ लव. तीन महिने पाळी न येणं. आणि उपास मोजा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे वाढत गेले, आणि उपासाला उसळही नको, नुसतं पाणी, तर तिथे देवधर्म कमी आणि दुसरं काही जास्त आहे. आजीला हे पटवणं कठीण जातं. माझा अनुभव असा की वजनाचे आकडे ओळीने लिहून दाखवले तर आजीच नातीचे उपास सोडवते.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा पोरगा "दूध बाधते, भात बाधतो, तेल बाधते" म्हणत फक्त उकडलेली अंडी खात असेल, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा.

नवीन सून जेवत नसेल, "मला इकडचं बाधते" म्हणत असेल, तर तिला एकटीला गाठून विचारा. सासूसमोर उत्तर मिळणार नाही.

ताबडतोब दवाखाना: बेशुद्ध पडणं, शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली (मनगटावर बोट ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा), छातीत धडधड, पाणीही नाकारणं, जगायचं नाही असं बोलणं.

## टप्पा ९: आजार वाटला तर, याच क्रमाने

पहिलं, जीव सांभाळा. पाच-सहा दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. गोड शिरा, तूप, ज्यूस असा मारा केला की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाला धोका होतो. अशा मुलाचं खाणं दवाखान्यात, रक्त तपासत, हळूहळू वाढवतात. मायेपोटी होणारी ही सगळ्यात धोक्याची चूक.

दुसरं, शरीर आणि मन दोन्हीकडचे डॉक्टर एकत्र. बालरोगतज्ज्ञ ॲलर्जीची खरी यादी ठरवून देतात, जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग भीतीवर काम करतो. एकाकडेच गेलात तर काम अर्धं राहतं: एक म्हणतो ॲलर्जी नाही, घरी जा, दुसऱ्याला शेंगदाणा खरंच जीवघेणा आहे हे माहीत नसतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६, मोफत, मराठीतही. किशोरवयीनांसाठीचे समुपदेशन कक्ष बऱ्याच ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आहेत, आशाताईला विचारा.

तिसरं, घरात जेवणाच्या वेळा बांधा. तीन जेवणं, दोन मधली खाणी, सगळ्यांनी सोबत. ताटावर वाद नाही, लाच नाही, "वाळली किती" नाही, "आता जरा भरली" तर मुळीच नाही. वजनाची भीती दिसत असेल तर काट्यावर पाठ करून उभं करा. आकडा तुम्ही पाहा, वहीत लिहा, बोलू नका.

चौथं, भीतीची शिडी. डॉक्टरने निर्धोक ठरवलेल्याच पदार्थांसाठी, आणि वजन थोडं सावरल्यावर. तुरीचं वरण घ्या. पहिल्या पायरीला वाटी नुसती ताटाशेजारी. मग वास. मग बोट बुडवून जिभेला. मग भाताच्या एका घासाला. मग चमचा. मग वाटी. एका पायरीवर चार-पाच दिवस तरी थांबा. छातीत धडधडेल, घसा आवळल्यासारखा वाटेल. गांधी नाहीत, सूज नाही, तर पंधरा-वीस मिनिटं शेजारी बसून राहा, धडधड उतरते. सूज किंवा गांधी दिसल्या तर शिडी सोडून टप्पा ५. नक्की कळत नसेल तरीही टप्पा ५.

लपवून घालू नका. भाकरीच्या पिठात डाळीचं पीठ मिसळून "पाहा, काही झालं नाई" असं सिद्ध करणारे वडील मी पाहिलेत. मुलाने त्यानंतर भाकरीही सोडली.

## दवाखान्यात जाताना

पिशवीत वही, सगळी जुनी वजनं, फोटो असलेला मोबाईल, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, आणि काढून घेतलेले सगळे रिपोर्ट, तो लाल रिपोर्टसुद्धा. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरकडे वेळ थोडा असतो, आणि आपण सुरुवात "लय दिवसांपासून तब्येत बरी नाई" अशी करतो. पहिलं वाक्य घरूनच ठरवून जा. आकड्यांचं वाक्य:

"माझ्या मुलीचं वजन आठ महिन्यांत आठ किलो उतरलं, ती आता फक्त पाच पदार्थ खाते, सोडलेल्यांपैकी डॉक्टरने बंद केलेला एकच आहे, बाकीचे तिने स्वतः सोडले."